खर्पुडी वाचवायचीय? मग नागपंचमी ते दिवाळी तेवढं सांभाळा

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, आमच्या डोंगरावर कंदीलपुष्प, म्हणजे खर्पुडीच, सापडलंय, फोटो पाठवलाय, दुर्मीळ आहे म्हणतात, आता काय करू, तारेचं कुंपण घालू का, का उपटून घरी कुंडीत लावू म्हणजे तरी वाचेल. फोटो बघून जीव हरखतो आणि पुढचं वाक्य वाचून धस्स होतं. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. ज्यांनी आजवर कुठल्याच झाडाचं संवर्धन वगैरे केलेलं नाही पण आपल्या डोंगरावरची ही वेल टिकावी असं मनापासून वाटतं, त्यांच्यासाठी. वेल किंवा रोप उपटायचं नाही आणि कुंपणही लगेच घालायचं नाही, एवढं आत्ताच मनाशी पक्कं करा, कारण पुढे वाचता वाचता समजेल.

आधी ओळख नीट करून घ्या

खर्पुडी, खरपुडी, कंदीलपुष्प, गावोगावी नाव बदलतं. शास्त्रीय नाव सेरोपेजिया, लिनियसने १७५३ साली दिलेलं. कुळ आपल्या रुईचंच. भारतात याच्या पन्नासहून जास्त जाती आहेत, त्यातल्या बऱ्याच पश्चिम घाटात, आणि त्यातल्याही कितीतरी जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. काही तर एखाद-दुसऱ्या डोंगरापुरत्याच. नाशिकजवळच्या अंजनेरीवरून २००६ साली एक नवी जात नोंदवली गेली, तिचं नावच सेरोपेजिया अंजनेरिका. पाचगणीच्या नावाची एक आहे, सह्याद्रीच्या नावाची एक आहे, पुण्याचे वनस्पतीतज्ज्ञ महाबळे यांच्या नावाची एक आहे. म्हणजे तुमच्या डोंगरावर जी आहे ती शेजारच्या तालुक्यात असेलच असं धरून चालू नका.

फूल एकदा पाहिलं की विसरत नाही. बुडाशी फुगा, त्यावर नळी, आणि टोकाला पाच पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेला छोटासा पिंजरा, अगदी आकाशकंदिलासारखा. या नळीत खाली वळलेले बारीक केस असतात. वासाला भुलून इवल्याशा माश्या आत शिरतात, खाली फुग्यात उतरतात आणि केसांमुळे त्यांना परत वर येता येत नाही. मी एकदा ओल्या कातळावर पालथी पडून भिंग लावून बघत होते, उन्हाची तिरीप फुग्यावर पडली होती आणि आतल्या माशीची सावली फिरताना बाहेरून दिसत होती. दुसऱ्या दिवशी गेले तर फूल मान टाकून आडवं झालेलं, केस सुकलेले, माशी निघून गेलेली. जाताना ती परागांची छोटी पिशवी तोंडाला अडकवून घेऊन जाते आणि दुसऱ्या फुलात अडकली की तिथे ते काम होतं. हे इतकं सांगायचं कारण असं की फूल तोडलं किंवा पिंजरा उघडून बघितला की ही सगळी साखळी तिथेच तुटते. फोटोसाठी फुलाला हात लावू नका, बाजूचं गवत वाकवा फार तर, आणि फोटो झाला की सोडून द्या.

काही जाती वेलीसारख्या चढतात आणि काही सरळ वीतभर-हातभर उभ्या राहतात. हे आधी बघून ठेवा कारण वेलीला टेकायला गवत, करवंदीची जाळी, काहीतरी लागतंच. जात कुठली ते छातीठोकपणे लगेच ठरवू नका. फुलाचे बाजूने, वरून आणि पिंजऱ्याचे जवळून फोटो काढा, पानाचा दोन्ही बाजूंनी काढा, देठावर लव आहे का बघा. मग जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या सरांना-मॅडमना दाखवा, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या जातींवर वर्षानुवर्षं काम केलंय. ओळख पक्की झाली नसली तरी पुढची कामं करायला हरकत नाही पण "नवीन जात सापडली" असं जाहीर करत सुटू नका.

जागा कुणाला सांगू नका

हे दुसरं आणि फार महत्त्वाचं. लोकेशन ग्रुपवर टाकलं की पहिल्या रविवारी चाळीस माणसं येतात, सगळी चांगल्या मनाची असतात, पण फोटोसाठी गुडघे टेकायला जागा लागते आणि त्या गुडघ्यांखाली बाजूची लहान रोपं जातात जी अजून फुलावर आलेलीच नसतात म्हणून कुणाला ओळखूही येत नाहीत. शिवाय जमिनीखालचा तिचा कंद खणून नेणारेही असतात. मोबाईलच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर नोंद टाकायची असेल तर जागा धूसर ठेवायचा पर्याय निवडा, नोंद राहते पण नेमका ठिपका दिसत नाही. फोटोत मागे ओळखीचा सुळका किंवा देऊळ येत असेल तर तोही फोटो टाकू नका, ट्रेकर लोकं सुळक्यावरून जागा बरोब्बर काढतात.

मोजणी करा, बाकी काही करायच्या आधी

पहिल्या वर्षी फक्त मोजा. मला माहितीय की हातपाय शिवशिवतात, काहीतरी करावंसं वाटतं, पण किती रोपं आहेत आणि त्यांना नेमकं काय होतंय हे न बघता केलेलं काम बऱ्याचदा उलटं पडतं. मी स्वतः सुरुवातीला एका वेलीभोवतीचं गवत कौतुकाने साफ केलं होतं, वाटलं मोकळी हवा मिळेल, आणि दोन दिवसांनी जाऊन बघते तर वेल बुडापासून खाल्लेली, कारण आजवर ती त्या गवतात लपून होती आणि मी तिला शेळ्यांना उघड्यावर दाखवून ठेवलं. ती वेल त्या वर्षी पुन्हा फुलली नाही.

तर मोजायचं कसं. शंभर पानी वही आणि पेन्सिल घ्या, पेन पावसात चालत नाही. ऑगस्टच्या शेवटच्या पंधरवड्यात एक फेरी, सप्टेंबरच्या मध्यावर एक आणि ऑक्टोबरच्या शेवटी एक, आणि दरवर्षी याच पंधरवड्यात, नाहीतर आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत. रोपाला झेंडा, रिबीन असलं काही बांधायचं नाही, ते लांबून दिसतं. ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने नंबर कोरा आणि रोपापासून वीतभर अंतरावर चपट्या दगडाखाली ठेवा, वहीत लिहा की दगडाच्या कुठल्या बाजूला रोप आहे. पुढच्या वर्षी कंदातून कोंब आला की तोच नंबर.

प्रत्येक नंबरसमोर उंची लिहा, कळ्या किती, फुलं किती, शेंगा किती, आणि हातभर अंतरात कुठलं तण आहे ते. आणि खाल्लंय का. खाल्लं असेल तर कुणी खाल्लंय तेही बघायला शिका. शेळीने खाल्लेला शेंडा ओढून तोडल्यासारखा, जरा फाटका असतो आणि खाली लेंड्या किंवा खुरांचे ठसे सापडतात. पानांना कडेने गोल गोल कातरलेलं असेल आणि देठ शाबूत असेल तर ती अळी आहे, टायगर फुलपाखरांच्या अळ्या या कुळाच्या झाडांवर वाढतात, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या दिसतात, त्यांना राहू द्या, तीही इथलीच आहेत. कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा दाटला असेल तर बोटाने हलकेच पुसून काढा, औषध मारायचं नाही. आणि रोपाच्या जागी खड्डाच दिसला, माती उकरलेली, तर कंद गेला. साळिंदर, रानडुक्कर किंवा माणूस. माणसाने खणलेला खड्डा अरुंद आणि खोल असतो, काठीच्या टोकाने उकरल्यासारखा, डुकराने उकरलेली जागा पसरट असते आणि आजूबाजूची जमीनही नांगरल्यासारखी दिसते.

पहिलं वर्ष झालं की वहीवरून तुम्हाला दिसेल की तुमच्या डोंगरावर मोठा त्रास कशाचा आहे. कुठे चराई, कुठे तण, कुठे खणणं. तिथूनच पुढचं ठरतं.

परवानगी

जमीन कुणाची ते तलाठ्याकडे किंवा ऑनलाइन सातबाऱ्यावर बघा. वनखात्याची असेल तर वनरक्षकापासून सुरुवात करा, तो रोज त्या वाटेने फिरतो, मग वनपाल आणि आरएफओ म्हणजे वनक्षेत्रपाल. लेखी अर्ज द्या, अगदी तण काढायलाही. किल्ला असेल तर पुरातत्त्व खात्याचाही संबंध येऊ शकतो, तटबंदीतलं झुडूप सुद्धा विचारल्याशिवाय उपटायचं नाही. गायरान असेल तर ग्रामपंचायत. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असते, ती ग्रामपंचायतीत जाऊन मागा, तुमची खर्पुडी त्यात आहे का बघा, नसेल तर समितीला सांगून नोंदवून घ्या. कंटाळवाणं वाटेल पण उद्या त्याच माळावर कुणी जेसीबी आणला तर दाखवायला हा कागद लागतो.

आता हे जेसीबीचं आलंच आहे तर सांगते. कितीतरी ठिकाणी खर्पुडीचा माळ शेळीने नाही, वृक्षारोपणाने गेलाय. आमच्या इथे एका गटाने जुलैमध्ये उत्साहाने खड्डे घेतले, रोपं लावली, फोटो काढले आणि ज्या उताराच्या तुकड्यावर खर्पुडी होती तिथलेच कंद त्या खड्ड्यांच्या मातीबरोबर वर आले. त्यांना माहीतच नव्हतं, कारण जुलैत ती बोटभर असते आणि गवतासारखीच दिसते. गवताळ माळ म्हणजे ओसाड जागा असं आपल्या डोक्यात बसलंय, पाणी अडवायचे सलग समतल चर, खड्डे, गिरीपुष्पाची लागवड, सगळं त्यावरच होतं. म्हणून गावात जी कुठली झाडं लावणारी मंडळी असतील त्यांना मे महिन्यातच जाऊन भेटा आणि माळाचा कुठला भाग सोडायचा ते नकाशावर गोल करून द्या. बहुतेक जण आनंदाने ऐकतात, फक्त वेळेत सांगायला पाहिजे.

चराई: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

शहरातून आलेल्या माणसाला पहिलं वाटतं की गुरं बंद करा. मलाही वाटायचं. पण माळावर गुरं हजारो नाही तरी शेकडो वर्षं चरतायत आणि खर्पुडी अजून आहे, म्हणजे चरण्यानेच ती संपते असं सरळ म्हणता येत नाही. चराई पूर्ण थांबवली की गवत छातीएवढं माजतं आणि लहान फुलझाडं त्याखाली दबतात. कास पठाराचं उदाहरण आहेच. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ जागांपैकी एक म्हणून ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आलं, गर्दी वाढली, कुंपण झालं, आणि मग चराई थांबल्याने गवत वाढलं, फुलांवर परिणाम झाला असं म्हणणारेही पुढे आले आणि त्यावर बरीच वर्षं वाद झाला. त्यामुळे नवख्या माणसाने तारेच्या कुंपणापासून सुरुवात करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न आहे तो वेळेचा. खर्पुडी वर्षातले सहा-सात महिने जमिनीखाली कंद होऊन झोपलेली असते, तेव्हा वरून हजार गुरं गेली तरी तिचं फारसं बिघडत नाही. पहिल्या पावसानंतर कोंब येतो, श्रावण-भाद्रपदात फूल, आश्विन-कार्तिकात शेंग. म्हणजे साधारण नागपंचमी ते दिवाळी. या काळात शेंडा खाल्ला गेला तर त्या वर्षीचं बी गेलं. एखाद्या वर्षी गेलं तर कंद सांभाळून घेतो, पण दरवर्षी असंच होत राहिलं तर जुने कंद एकेक करून मरतात आणि नवीन रोप एकही येत नाही, आणि हे लवकर लक्षातही येत नाही कारण जुन्या वेली दिसत असतात ना.

तेव्हा माळावर गुरं घेऊन येणाऱ्या माणसाशी बोला. वही काढून, भिंग दाखवून भाषण द्यायचं नाही. तो जिथे बसतो तिथे जाऊन बसा, त्याची विचारपूस करा, कुठल्या वाडीवरचे, किती शेळ्या, यंदा पाऊस कसा. मी असंच एका म्हाताऱ्या मामांशी बोलत होते, तासभर झाला, मग मी हळूच खर्पुडीचा विषय काढला तर म्हणाले, "अगं पोरी, लहानपणी आम्ही ह्योच कंद खणून खायचो, गोडूस लागतो, आता कुठं गावतोय." मग मी विचारलं की शेळ्या तेवढ्या या खळग्यात नाही आणल्या तर चालेल का, तर म्हणाले, "शेळीला काय कळतंय कुठलं झाड राखायचं ते, तू मला दाव, मी वळवतो की." आणि वळवल्या त्यांनी. त्यांच्या नातवाला मी वहीतले नंबर दाखवले, पुढच्या वर्षी त्याने मला न दिसलेली दोन रोपं दाखवली.

बोलताना अख्खा माळ मागू नका. मोजणीत जिथे रोपं दाट दिसली तेवढाच तुकडा, गुंठा-दोन गुंठे, आणि तोही नागपंचमी ते दिवाळी एवढ्याचसाठी. गावाला हे नवीन नाही, कुरण राखणं, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे शब्द आपल्याकडे जुनेच आहेत आणि नागपंचमीला जमीन खणायची नाही हेही घरोघरी पाळतात, तेवढ्याशी जोडून सांगितलं की म्हाताऱ्या माणसांना पटकन पटतं की या दिवसापासून इथे खणायचंही नाही आणि चारायचंही नाही. आणि मोबदल्यात काय, तर राखलेल्या तुकड्यातलं गवत दिवाळीनंतर कापून त्यांनीच न्यायचं. हे आधी बोलून ठेवा, नाहीतर त्यांचं नुकसान आणि आपलं फूल असा हिशेब होतो आणि तो टिकत नाही. गवत कापणाऱ्या बायकांनाही आधी भेटा कारण विळा चालतो तेव्हा शेंगेसकट वेल पेंढीत जाते. दिवाळी लवकर आली आणि शेंगा अजून हिरव्या असल्या तर आणखी पंधरा दिवस मागून घ्या.

एखादं-दुसरं रोप वाटेतच असेल, कितीही वळवलं तरी शेळ्या वळणार नाहीत अशा जागी, तर बोरीच्या किंवा बाभळीच्या सुक्या काट्या आणून त्याभोवती सैल आळं करा. घट्ट नको, वरून माशीला आणि उन्हाला वाट पाहिजे. खाली दगड दाबून ठेवा. दिवाळीनंतर काट्या काढून घ्या. तारेपेक्षा हे स्वस्त आणि लांबून कुणाच्या डोळ्यावरही येत नाही.

तण काढणं

इथे उत्साह आवरावा लागतो. एक नियम पाठ करा, रोपापासून हातभर अंतराच्या आत फक्त कापायचं, त्याच्या बाहेर उपटायचं. आत उपटलं की मातीबरोबर कंद हलतो, कंदाच्या बारीक मुळ्या तुटतात. टिकाव आणि फावडं तर त्या तुकड्यात न्यायचंच नाही, विळा आणि खुरपं बस झालं.

गाजरगवत म्हणजे काँग्रेस गवत जून-जुलैमध्ये माती ओली असताना, पांढरी फुलं यायच्या आधी मुळासकट उपटा. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे आणि तोंडाला रुमाल बांधूनच, याची ॲलर्जी फार वाईट असते, अंगावर चट्टे उठतात, दमा असलेल्या माणसाने हे काम करूच नये. पानांना भोकं पडलेली आणि वर काळ्या रेघांचे पांढुरके भुंगेरे दिसले तर तो मेक्सिकन भुंगेरा, गाजरगवतासाठीच १९८४ मध्ये भारतात आणलेला, त्याला त्याचं काम करू द्या.

कॉसमॉस, ती केशरी-पिवळी फुलं, पुण्याच्या आजूबाजूच्या टेकड्यांवर आणि घाटरस्त्यांना आता पसरलीयत. दिसायला सुंदर म्हणून लोकांना काढवत नाही आणि काही जण तर बी आणून टाकतात. फुलं यायला लागली की लगेच उपटायची, बी धरू द्यायचं नाही, आणि हे तीन-चार वर्षं न चुकता कारण जमिनीत पडलेलं बी थोडं थोडं करून उगवत राहतं. रानमोडीचंही तसंच, पावसात माती सैल असते तेव्हा मुळापासून येते, हिवाळ्यात फुलून तिचं बी उडायला लागलं की मग हात लावून उपयोग नाही, उलट हलवल्याने जास्त पसरतं.

घाणेरीचं जरा समजून घ्या. नुसती वरून छाटली तर दुप्पट जोमाने फुटते. जमिनीच्या खाली तीन-चार बोटं माती बाजूला करून मुख्य मूळ तिथे तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मूळ वर, वाळत ठेवायचं. मुळं आत राहिल्याने उताराची मातीही धुपत नाही. काळी फळं धरायच्या आत हे झालं पाहिजे, नाहीतर पक्षी ती लांबवर नेतात. पण, आणि हा पण मोठा आहे, काढायच्या आधी झुडपाच्या आत वाकून बघा. वेलीच्या जातीची खर्पुडी कितीदा त्याच काटेरी जाळीत टिकून असते कारण तिथे शेळीचं तोंड पोचत नाही. घाणेरी एकदम काढली की ती उघडी पडते. अशा ठिकाणी आधी बोरीच्या काट्या लावा, मग बाहेरच्या बाजूने दरवर्षी थोडी थोडी घाणेरी कमी करा, आतला भाग शेवटी. करवंदासारखी आपली झुडपं असतील तर त्यांना अजिबात हात लावू नका, तीच पुढे खर्पुडीला आडोसा देतात.

तणनाशक नाही म्हणजे नाही. ग्लायफोसेट मारलं तर तण आणि खर्पुडी दोन्ही जातात. उपटलेलं तण तिथेच ढीग करून पेटवू पण नका, डोंगराला वणवा लागतो. गोणीत भरून खाली आणा.

बी आणि रोपं

हे तिसऱ्या-चौथ्या वर्षाचं काम, पहिल्याचं नाही, आणि जाणकार माणूस सोबत असल्याशिवाय नाही. शेंगा बारीक, लांब, बऱ्याचदा जोडीने येतात, शिंगांसारख्या. पिकल्या की एका बाजूने उकलतात आणि रुईच्या बोंडातून जशी म्हातारी उडते तशी पांढऱ्या केसांची बी वाऱ्यावर जाते. म्हणून शेंग पिवळसर व्हायला लागली की लग्नात अक्षता द्यायला मिळतात तसली जाळीची छोटी पिशवी तिच्यावर सैल बांधायची. पाच शेंगा असतील तर एकच घ्यायची, बाकीच्या चार डोंगराच्या. एकच शेंग असेल तर ती डोंगराचीच.

ताजं बी चांगलं उगवतं, फार दिवस ठेवत बसू नका. लाल माती, जाड वाळू आणि कुजलेला पालापाचोळा समान घेऊन बुडाला भोक असलेल्या कुंडीत वरवर पेरा, बी खोल पुरू नका, सकाळचं ऊन लागेल अशा जागी ठेवा. पहिल्या वर्षी मटार-हरभऱ्याएवढा कंद होतो आणि पानं वाळून जातात, नवीन माणसं इथे घाबरतात आणि पाणी वाढवतात, आणि कंद सडतो. पानं वाळली की पाणी बंद करायचं, कुंडी सावलीत ठेवायची, पावसाळ्यापर्यंत विसरून जायचं. फूल यायला दोन-तीन पावसाळे जातात.

तयार झालेले कंद ज्या डोंगराचं बी होतं त्याच डोंगरावर परत जातात, वनखात्याच्या परवानगीने, पहिला पाऊस झाल्यावर. दुसऱ्या डोंगरावर नाही. शेजारच्या डोंगरावर वेगळीच जात असू शकते आणि आपण नकळत त्यांची सरमिसळ करून बसतो. रोपवाटिकेतून किंवा ऑनलाइन मिळणारी खर्पुडी तर डोंगरावर कधीच लावायची नाही, ती कुठून खणून आणलीय ते कळायला मार्ग नसतो.

उन्हाळा

डिसेंबर ते मे काही दिसत नाही म्हणून कुणी फिरकत नाही, पण वणव्याचे दिवस हेच. फेब्रुवारीच्या आत वनरक्षकाला भेटून राखलेल्या तुकड्याच्या कडेने जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, काढता येईल का विचारा, दिवाळीनंतर गवत कापून नेलेलं असेल तर अर्धं काम झालेलंच असतं. एप्रिलमध्ये एक चक्कर मारा, नंबरचे पत्रे दगडाखाली आहेत का बघा, कुणी खड्ड्यांच्या खुणा केल्या आहेत का बघा, चुन्याच्या रेघा दिसल्या तर त्याच दिवशी ग्रामपंचायतीत जा. गुराख्याला भेटायला विसरू नका, वर्षभर तोंड न दाखवता एकदम श्रावणात गेलात तर त्याला बरं वाटत नाही.

आणि मग जूनमध्ये पहिला चांगला पाऊस पडला की आठ-दहा दिवस थांबून पेन्सिल आणि वही घेऊन वर जा. दगड न हलवता त्याच्या बाजूला वाकून बघा, काडेपेटीच्या काडीएवढा तांबूस कोंब दिसेल, समोर नंबर लिहा, तारीख घाला. बाजूला नंबर नसलेला कोंब दिसला, दोन इवलीशी पानं असलेला, तर तिथे पाय ठेवू नका, ते गेल्या वर्षीच्या शेंगेचं असू शकतं. त्याला नवीन पत्रा करा.